कोवळ्या उन्हाचं कौतुक आता पुरे



चातुर्मास लागला की मंदिराच्या पायऱ्यांवर एक संवाद हमखास कानावर येतो. "कंबर धरलीय गं." "डी कमी असेल, सकाळी कोवळ्या उन्हात बस जरा." तेवढ्यात तिसरी म्हणते, "आपण शाकाहारी, आपल्याला कमी असणारच." दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि आपल्या वयाच्या बायकांना ते महागात पडतात.

आधी शाकाहाराचं घेऊ, कारण हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. व्हिटॅमिन डी अन्नातून फारसं मिळतच नाही. तेलकट मासे सोडले तर मांसाहारातही ते नावापुरतंच असतं. मटण खाणाऱ्या घरातल्या बायकांचेही रिपोर्ट काही वेगळे येत नाहीत. हे जीवनसत्त्व बनतं कातडीत, ऊन लागल्यावर. तेव्हा डॉक्टर "अंडी सुरू करा" म्हणाले, तर मान खाली घालून ऐकून घेऊ नका. रोज एक अंडं खाऊनही ती तूट भरून निघत नाही.

आता कोवळं ऊन. सकाळी सात वाजता गॅलरीत बसून छान वाटतं, जपही होतो, जरूर बसा. पण डी तयार करणारे किरण त्या वेळी जमिनीपर्यंत जेमतेम पोचतात. सूर्य तिरपा असतो, हवेच्या जाड थरातून येताना ते किरण गाळले जातात. साधी खूण सांगते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाचं ऊन कामाचं. म्हणजे साधारण अकरा ते दोन. नेमक्या त्याच वेळी आपण पडदे ओढून आत असतो. बंद काचेच्या खिडकीतलं ऊन तर या कामी फुकट, कारण काच ते किरण अडवते. आणि अंगभर पदर घेऊन नुसतं तोंड उन्हात धरलं तर कातडी किती उघडी राहिली?

त्यात वयाची भर. साठीनंतर कातडीतला कच्चा मालच कमी होतो. तेवढ्याच उन्हात तरुण मुलीच्या अंगात जितकं डी बनतं, तितकं आपल्या अंगात बनत नाही. सावळ्या कातडीला वेळ आणखी जास्त लागतो.

मग येतो पावसाळा. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं. पायऱ्या निसरड्या म्हणून सुना-मुलं म्हणतात, "आई, तुम्ही घरीच थांबा." रक्तात फिरणारं डी दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतं. मी कॉमर्सची, म्हणून खात्याच्या भाषेत सांगते: चैत्र-वैशाखात उन्हाच्या भीतीनं जमा काही केलं नाही, आणि आषाढापासून नुसताच खर्च. दशलक्षण पर्व येईपर्यंत शिल्लक किती राहणार? सूर्य उगवल्याशिवाय पाणी नाही, मावळल्यावर अन्न नाही, असा दिवसभर सूर्य पाहून चालणारा आपला धर्म, आणि त्याच सूर्याला आपली कातडी दिसत नाही!

याचं फळ फक्त कंबरदुखी नाही. सामायिक झाल्यावर जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, जिना चढताना मांड्या भरून येतात, तेव्हा "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. डी फार कमी झालं की मांड्यांचे स्नायू दुबळे होतात. मग तोल जातो आणि खुबा मोडतो. खुबा मोडल्यावर अंथरुणाला खिळलेल्या बायका आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. प्रत्येक गुडघेदुखी डीमुळे असते असं नाही, म्हणून रक्त तपासा. सर्वसाधारणपणे २० नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरता धरतात. नातवाच्या वाढदिवसाला आपण खर्चाचा हिशेब ठेवत नाही, स्वतःच्या तपासणीला मात्र "कशाला उगीच?"

उपचाराला आपल्याकडे एक अडचण खरी आहे. मऊ कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांचं. बाजारातलं बरंचसं डी ३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणचट चरबीपासून काढतात. औषधाच्या पाकिटावर हिरवा ठिपका असेलच असं नाही. म्हणून विचारायला लाजू नका. कॅप्सूलऐवजी पावडरची पुडी किंवा गोळी मिळते. गोड्या मसाल्यात पडतं त्या दगडफुलाच्या जातीतल्या लायकेनपासून काढलेलं डी ३ ही मिळतं. (मसाला वाढवून उपयोग नाही, आधीच सांगते!) कुणाला काय चालतं हे जिनं तिनं ठरवावं, माताजींना विचारावं. पण "चालत नाही" म्हणून विषय बंद करणं मला पटत नाही. अहिंसेच्या यादीत आपला स्वतःचा जीव येत नाही का?

दुसऱ्या टोकाच्या बायकाही आहेत. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी आठ आठवडे दिली, आणि या दोन वर्षं घेतायत, वर जावेलाही देतायत. जास्तीचं डी पाण्यासारखं लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठतं. रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, भ्रम, मूत्रपिंडाला इजा, सगळं होऊ शकतं. मूतखडा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

पुडी दुधातून किंवा जेवणानंतर घ्या, स्निग्ध पदार्थांबरोबर ती अंगी लागते. एकाशन असेल त्या दिवशी त्या एका जेवणाबरोबर, आणि निर्जळ उपवास असेल तर पुडी दुसऱ्या दिवशी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर डॉक्टरांनी सांगितलेले तेवढेच रविवार आजच खुणा करून ठेवा. शेवटची खूण खोडली की पुडी बंद, आणि पुन्हा रक्त तपासायला जा.