बोटही जाते, हक्कही जातो

लग्नसराई जवळ आली की वर्धा, हिंगणघाट, आर्वीच्या फर्निचरच्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत मशीन चालते. दिवाण, आलमारी तारखेवर द्यायची असते. आपल्या वस्त्यांतली दहावी-बारावी झालेली मुले तिथे मिस्त्रीच्या हाताखाली लागतात. हुनर हाती येतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण घाई आणि झोप एकत्र आली की बोट जायला वेळ लागत नाही.

हल्ली फरशी कापायच्या चार इंची मशीनला दातेरी पाते लावून प्लायवूड कापतात. हे पाते मिनिटाला 12-13 हजार फेरे घेते. लाकडात पाते आवळले की मशीन कापणाऱ्याच्या अंगावर उसळते. त्यासाठीच पात्यावर गार्ड असतो. पण ‘रेघ दिसत नाही’ म्हणून तोच आधी काढून ठेवतात. हातमोजाही इथे कामाचा नाही. पाते मोजा ओढते आणि त्यासोबत बोटही.

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने प्रत्येक बोटाचे माप ठरवले. अंगठा गेला तर कमावण्याची ताकद 30 टक्के घटली असे धरायचे; तर्जनी पूर्ण गेली तर 14, मधले बोट 12, करंगळी 7. भरपाई मालकाने द्यायची. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे.

मात्र एक अट जुन्या कायद्यात होती, ती आजही आहे. गार्ड दिला आहे हे माहीत असून कामगाराने तो मुद्दाम काढला आणि त्यामुळेच इजा झाली, तर मालक भरपाई नाकारू शकतो. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तरच ही सबब चालत नाही. दारू पिऊन मशीनवर बसणाऱ्यालाही हीच अट लागू आहे.

आणि गार्ड मालकानेच काढायला लावला असेल तर? मग साक्षीदार हवा, कागद हवा. आम्ही कारकुनी करतो. कागदावाचून खरी बाजू कशी पडते ते रोज पाहतो. म्हणून दवाखान्यात ‘घरी लागले’ असे सांगू नका. कोणाच्या दुकानात, कोणत्या मशीनवर, किती वाजता लागले, ते केसपेपरवर लिहवून घ्या. रोजची हजेरी आणि मजुरी घरच्या वहीत मांडा.

बोट तुटलेच तर जखम स्वच्छ कापडाने दाबून धरा, हात उंच ठेवा. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नका. लगेच सेवाग्राम किंवा सावंगीचे मोठे रुग्णालय गाठा.

माता-भगिनींनो, पोराला मजुरी किती मिळते हे आपण विचारतोच. मशीनला गार्ड आहे का, हेही आजच विचारा.