पंचवटीतील अश्रू आणि शंबूकाचे रक्त

भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा तिसरा अंक निघाला की मराठी अध्यापकांचा आणि रसिकांचा स्वर आपोआप ओलावतो. बारा वर्षांनंतर राम पंचवटीत परततो. सीतेने वाढवलेली झाडे आणि पशुपक्षी पाहून मूर्च्छित होतो. अदृश्य सीतेच्या स्पर्शाने सावध होतो. करुणरसाचा हा परमोत्कर्ष आहे, याविषयी वाद नाही. परंतु ज्याच्या अश्रूंनी हा अंक भिजला आहे तो राम दंडकारण्यात कोणत्या कामासाठी आला होता, हा साधा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. उत्तर त्याच नाटकाच्या दुसऱ्या अंकात आहे. तो शंबूकाला ठार मारण्यासाठी आला होता.

शंबूकाचा अपराध एवढाच की, शूद्र असून त्याने तप केले. एका ब्राह्मणाचे मूल दगावले, त्याचे खापर या तपावर फोडण्यात आले आणि राजाने तलवार उपसली. विदर्भातील पद्मपूरचा भवभूती हा भाटकवी नव्हता. घाव घालण्यापूर्वी त्याच्या नायकाचा हात अडखळतो. तेव्हा राम आपल्या उजव्या हाताला बजावतो की, गरोदर सीतेला हद्दपार करणाऱ्या रामाचा तू अवयव. तुझ्या ठायी दया कोठून असणार! थोर पुरुषाचे नैतिक पतन कसे होते, याचे याहून नेमके निदान अभिजात नाट्यवाङ्मयात क्वचितच सापडेल. पहिला अन्याय पचला की तोच दुसऱ्या अन्यायाचे समर्थन बनतो.

आणि पहिला अन्याय तरी कसा घडला? पहिल्या अंकात, कोणतीही तक्रार कानी येण्यापूर्वीच, राम सांगून मोकळा होतो की, लोकाराधनासाठी स्नेह, दया, सुख, इतकेच नव्हे तर जानकीचाही त्याग करताना आपल्याला व्यथा होणार नाही. पुढे दुर्मुख नावाचा हेर नगरातील कुजबुज त्याच्या कानी घालतो आणि निकाल लागतो. प्रजेची सभा भरत नाही. सीतेला एका शब्दाने विचारले जात नाही. वनविहाराची तिची डोहाळ्याची इच्छा पुरवण्याच्या मिषाने तिला रथात बसवले जाते. याला लोकाराधन म्हणावयाचे असेल, तर लोकांना आणि आराधनेला, दोहोंनाही वेगळा अर्थ शोधावा लागेल. ज्यात लोकांना विचारलेले नाही आणि जिचा बळी जाणार तिला तर मुळीच विचारलेले नाही, तो लोकमताचा आदर नव्हे. ती गादीची चिंता होय.

या ठिकाणी नायकाच्या तोंडी आलेला एक शब्द वाचकाने नजरेआड करू नये. झोपलेल्या सीतेपासून दूर होताना राम स्वतःला अस्पृश्य ठरवतो, कर्माने झालेला चांडाल म्हणवून घेतो. पश्चात्तापाच्या अत्युच्च क्षणी स्वतःला देण्यासाठी सर्वांत जहाल शिवी म्हणून त्याला एका जातीचे नाव आठवते! ज्या चांडालाने कोणाही गरोदर स्त्रीला अरण्यात सोडले नाही, त्याच्या माथी राजाच्या पापाचे नाव मारले जाते. ज्याची आत्मनिंदासुद्धा दुसऱ्याच्या अपमानावर उभी आहे, त्याचा पश्चात्ताप कितपत खोल मानावा?

यावर विद्वानांची दोन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले असे की, रामाने स्वतःच्या सुखाचा बळी दिला. वस्तुतः बळी गेला तो सीतेचा. रामाच्या वाट्याला आले ते दुःख, आणि ते सिंहासनावर बसून भोगावयाचे होते. दुसरे उत्तर असे की, आठव्या शतकातील नाटकाला विसाव्या-एकविसाव्या शतकाचा न्याय लावू नये. परंतु न्यायनिवाडा भवभूतीनेच नाटकात मांडला आहे. तिसऱ्या अंकात वनदेवता वासंती रामाला तोंडावर निष्ठुर म्हणते आणि त्याला कीर्तीच काय ती प्रिय होती, असे सुनावते. चौथ्या अंकात जनकाचा संताप उसळतो. म्हणजे राजाला जाब विचारणे त्या काळालाही परके नव्हते.

परंतु वासंती बोलते ती सीतेसाठी. शंबूकासाठी बोलणारे कोणी नाही. त्याला स्वतःलाही बोलू दिले जाते ते दिव्य रूपात येऊन, मारणाऱ्याचे आभार मानण्यापुरतेच. एवढेच नव्हे, तर रामाला अरण्याची वाट दाखवण्याचे कामही त्यानेच करावयाचे! प्रतिभेच्या एवढ्या मोठ्या धन्यालाही हे ओलांडता आले नाही, हे समजू शकते. त्यानंतर हजार वर्षे त्याच्या भाष्यकारांना ते खुपू नये, हे मात्र क्षम्य नाही.

ग्रीक नाटककार सॉफोक्लीजचा क्रेऑनही राज्याच्या व्यवस्थेपुढे माणुसकी तुडवतो. पण त्याचा मुलगा आणि पत्नी मरतात, त्याची चूक सर्वांसमक्ष त्याच्या पदरात टाकली जाते आणि नाटककार त्याचे सांत्वन करीत नाही. भवभूतीने रामकथेतील भूमिप्रवेशाचा शेवट बदलून सातव्या अंकात सीता परत दिली. नायकाला सर्व काही मिळाले, आणि झालेल्या अन्यायाचा हिशेब मिटला असे धरून प्रेक्षक घरी गेला.

हा केवळ वाङ्मयीन वाद नव्हे, याची साक्ष खुद्द पंचवटीच देईल. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्यांची मिरवणूक काळाराम मंदिरावर गेली, तेव्हा दरवाजे बंद होते. ९ एप्रिलला रथ ओढण्याबाबतचा समझोता मोडला गेला आणि दगडफेक झाली. सत्याग्रह पुढे पाच वर्षे चालला, दार उघडले नाही. १९३५ च्या ऑक्टोबरात जवळच्याच येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून न मरण्याची प्रतिज्ञा केली. ज्या समाजाने तिसऱ्या अंकावर पिढ्यान् पिढ्या डोळे पुसले, त्याच समाजाने त्याच भूमीवर शंबूकाच्या वारसांसमोर दार लावले. करुणा होती, पण ती पात्र पाहून पाझरणारी करुणा होती.

साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या मंदिरासाठी प्राण पणाला लावले, कारण त्यांना अश्रू आणि कृती यांत अंतर ठेवणे मान्य नव्हते. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. पण कायद्याने दार उघडते, मन उघडतेच असे नाही. १ जानेवारी २०१३ रोजी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील सोनई येथे तीन दलित तरुणांची निर्घृण हत्या झाली. तो खटला नाशिकच्याच सत्र न्यायालयात चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये शिक्षा सुनावली गेली. सवर्ण मुलीवर प्रेम करणे हाही अजून शंबूकाचाच अपराध ठरतो.

आज समरसतेचे सोहळे होतात, शंबूकाच्या वारसांच्या घरी जेवणावळी झडतात, गतकाळाबद्दल हळहळ व्यक्त होते. हळहळणाऱ्याचे दुःख खरेही असेल. रामाचेही खरेच होते. प्रश्न दुःखाच्या खरेपणाचा नाही. ज्या हाताने घाव घातला, त्या हातातील तलवार खाली ठेवली गेली का, हा आहे. जमीन, पाणवठा, स्मशान आणि विवाह यांवरील जातीची सत्ता जोवर अबाधित आहे, तोवर हे अश्रू नाटकातलेच राहतील. परिवर्तनाची भाषा बोलणाऱ्या कार्यकर्त्यांनी ‘उत्तररामचरित’ अवश्य वाचावे. मात्र तिसऱ्या अंकापाशी डोळे भरून येण्यापूर्वी त्यांनी दुसरा अंक वाचलेला असावा, आणि नाटकात शंबूकाच्या बाजूने न उच्चारले गेलेले वाक्य गावाच्या चावडीवर उच्चारण्याची तयारी ठेवावी.