मदेरा: उन्हात मुरलेली वाइन

ऊन आणि हवा हे वाइनचे दोन शत्रू मानले जातात. साठवणीची खोली थंड असावी आणि बुचाआडून हवा शिरू नये, हा या व्यवसायातील पहिला धडा असतो. अटलांटिक महासागरातील मदेरा या पोर्तुगीज बेटावरची वाइन मात्र या दोहोंच्याच संगतीत घडते, आणि म्हणूनच उष्ण प्रदेशात द्राक्षे पिकवणाऱ्या व वाइन वाढणाऱ्या प्रत्येकाने तिचा अभ्यास करणे अगत्याचे आहे.

पंधराव्या शतकात पोर्तुगीजांनी वसवलेल्या या बेटावरील फुंशाल बंदरात अमेरिकेकडे आणि हिंदुस्थानाकडे निघालेली जहाजे शिधापाण्याबरोबर वाइनही भरून घेत. लांबच्या प्रवासात ती नासू नये म्हणून तीत द्राक्षांपासून ऊर्ध्वपातनाने काढलेला तीव्र मद्यार्क मिसळण्याची रीत अठराव्या शतकात रुळली. मद्यार्काने अशा बळकट केलेल्या वाइनला फोर्टिफाइड वाइन म्हणतात. जहाजाच्या तळाशी, उष्ण कटिबंधातून हेलकावत गेलेली पिंपे परत आली तेव्हा आतील वाइन बिघडण्याऐवजी अधिक गहिरी झालेली आढळली, आणि अशी फेरी करून आलेली वाइन 'व्हिन्यो दा रोदा' या नावाने चढ्या भावाने विकली जाऊ लागली.

समुद्रप्रवासाचे हे काम आज बेटावरच होते. उत्तम वाइनची पिंपे उन्हाने तापणाऱ्या माळ्यावर वर्षानुवर्षे ठेवतात, या पद्धतीला 'कांतेरो' म्हणतात. स्वस्त वाइन टाकीत सुमारे 45 ते 50 अंश सेल्सियसला किमान 3 महिने तापवतात, ती पद्धत 'एश्तुफाजेम'. गोडी किती राहावी हे मद्यार्क केव्हा मिसळला यावर ठरते, कारण त्याने आंबण्याची क्रिया थांबते आणि उरलेली साखर तशीच राहते: माल्वासिया व बुआल या जातींच्या वाइनमध्ये तो लवकर घालतात, म्हणून त्या जेवणानंतरच्या गोडाच्या ठरतात, तर सर्सियाल कोरडी राहते. एवढी गोडी असूनही माल्वासिया जिभेवर चिकट होत नाही, याचे श्रेय तिच्यातील तीव्र आंबटपणाला आहे, आणि मदेराचे खरे सौंदर्य या तोलातच आहे. जुन्या मदेराच्या गंधात सोटोलॉन नावाचे संयुग असते, तेच मेथीच्या दाण्यातही असते. तेव्हा हा गंध मराठी ग्राहकाला समजावताना अक्रोड आणि जळक्या साखरेआधी मेथीचे नाव घेणे अधिक नेमके ठरेल.

द्राक्षबागायतदारांना या बेटाचे एकोणिसावे शतकही ओळखीचे वाटेल: 1850 नंतरच्या काही वर्षांत भुरीने आणि 1872 च्या सुमारास मुळांतील रस शोषणाऱ्या फिलॉक्सेरा किडीने बागा उद्ध्वस्त झाल्या, आणि पुढे तिंता नेग्रा या काळ्या जातीने बहुतांश जागा व्यापली. तिला दीर्घकाळ दुय्यम लेखले गेले, हे अन्यायाचेच होते.

उष्णता व हवा आधीच सोसलेली असल्याने उघडलेली मदेरा कित्येक महिने टिकते, त्यामुळे आठवड्याला एखादाच पेला खपणाऱ्या उपाहारगृहालाही ती ठेवणे परवडते. बाटली मात्र उभी ठेवावी, कारण आडवी ठेवल्यास आंबट व तीव्र वाइन बूच खराब करते.