गाठ सुईने पसरत नाही

“डॉक्टर, काय बी करा, पण गाठीला सुई लावू नका. सुई लावली की ती अंगभर पसरती.” इंदापूर तालुक्यातल्या एका मावशींचे हे बोलणे. दिवाळीत अंघोळ करताना हाताला लागलेली छातीतली गाठ त्यांनी मला दाखवली, ती पालखी येऊन गेल्यावर. मधले आठ महिने ‘दुखत नाही ना, मग कशाला’ म्हणत गेले. तोवर काखेतही गाठी आल्या होत्या.

स्तनाचा कर्करोग एकीत जागेवरच राहतो आणि दुसरीत हाडांत, फुप्फुसांत पोहोचतो, हे का? याचे उत्तर पेशीच्या आत आहे. आपल्या जनुकीय मजकुरापैकी जेमतेम दोन टक्के भागापासून प्रथिने बनतात. उरलेला बराचसा भाग निरुपयोगी, असे आमच्या कॉलेजच्या दिवसांत मानले जाई. आता कळले आहे की त्या भागातूनही आरएनए नावाचे रेणू तयार होतात. त्यातले काही प्रथिने बनवत नाहीत, पण कोणते जनुक चालू ठेवायचे आणि कोणते बंद, हे ठरवतात. आपल्याकडचा ऊसतोडीचा मुकादम आठवा. तो स्वतः कोयता चालवत नाही, पण टोळी कोणत्या फडात उतरणार हे तोच सांगतो.

२०१० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ‘हॉटएअर’ नावाच्या अशाच एका आरएनएविषयी माहिती दिली. ज्या स्त्रियांच्या गाठीत तो जास्त होता, त्यांच्यात रोग दूर पसरण्याचे व मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. प्रथिने न बनवणाऱ्या आरएनएच्या दुसऱ्या, लहान प्रकाराच्या, म्हणजे मायक्रो आरएनएच्या शोधाला २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

याचा अर्थ, पसरण्याचा हुकूम गाठीच्या आतूनच सुटतो. तपासणीच्या सुईमुळे रोग बळावून जीव जातो, असे दिसून आलेले नाही. वेळ गेल्याने मात्र जातो.

काही जण मोबाईलवर वाचून विचारतात, “ही आरएनएची तपासणी करून घेऊ का?” माझे मत स्पष्ट आहे : त्यासाठी थांबू नका. ती अजून नेहमीच्या उपचाराचा भाग झालेली नाही. आज उपचार ठरतात ते गाठीचा आकार, काखेतल्या गाठी आणि सुईने घेतलेल्या तुकड्याच्या तपासणीवरून. हार्मोनच्या गोळ्या लागू पडतील का, हेही त्या तुकड्यावरूनच कळते.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने स्तन तपासले. रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही.

म्हणून भगिनींनो, न दुखणारी गाठ, आत ओढले गेलेले बोंड, बोंडातून रक्त, कातडीला पडलेली खळी, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. आणि घरातल्या पुरुषांनो, ‘कारखाना बंद झाल्यावर बघू’ असे म्हणू नका.

मावशींनी अखेर सुई लावून घेतली. उपचार चालू आहेत. दिवाळीतच आल्या असत्या तर ते बरेच सोपे झाले असते.