सून लावणीला गेली, मग सासूजवळ कोण?

रोपलावणीच्या आठ-पंधरा दिवसांत घरात कुणी थांबत नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या उशाशी तांब्याभर पाणी ठेवून, दार लोटून सून शेतावर जाते. दुपारी परत येऊन बघते तो लुगडे भिजलेले आणि पाठ लालबुंद झालेली. दर दोन तासांनी कूस बदलावी, नाहीतर पाठीला जखमा होतात, असे डॉक्टर सांगतात. खरे आहे, पण ती बदलायची कुणी?

हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणते, ‘विलायतेत बरे, तिथे सरकारच म्हाताऱ्यांना सांभाळते.’ गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनसारख्या गावी गेलेल्यांपैकी काही मंडळी तिथल्या वृद्धाश्रमांत हेच काम करतात, त्यामुळे हा समज अधिकच पक्का झाला आहे. वाचकहो, तो अर्धाच खरा आहे.

इंग्लंडमध्ये दवाखाना फुकट आहे. आंघोळ घालणे, भरवणे, कपडे बदलणे ही सेवा मात्र सर्वांना फुकट नाही. ती १९४८ सालापासून स्थानिक कौन्सिलकडे, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारख्या संस्थेकडे आहे, आणि २०१५ पासून तिथे २०१४ चा केअर अ‍ॅक्ट लागू आहे. कौन्सिलचा माणूस म्हाताऱ्याची गरज तपासतो, मग त्याची मिळकत. शिल्लक २३,२५० पौंडांहून अधिक असेल तर सगळा खर्च ज्याचा त्याने करायचा. हा आकडा २०१० पासून तसाच आहे; महागाई काही त्याच्यासाठी थांबली नाही. सेवा घरी घेतली तर राहते घर हिशेबात धरत नाहीत. पण कायमचे वृद्धाश्रमात गेले आणि घरात नवरा किंवा बायको राहत नसेल, तर बहुधा घरही धरले जाते, आणि कित्येकांना ते विकावे लागते. माणशी ८६,००० पौंडांहून अधिक खर्च पडू नये असा एक बेत होता, तोही २०२४ मध्ये रद्द झाला.

कौन्सिलचा पैसा येतो घरपट्टीसारख्या करातून, दुकाने-कारखान्यांवरील करातून, सरकारी अनुदानातून आणि सेवा घेणाऱ्यांच्या फीमधून. २०१६ पासून या कामापुरती जादा पट्टी बसवण्याची मुभा मिळाली आहे. त्यातही गोम अशी की जिथे घरे स्वस्त, तिथे पट्टी कमी जमते, आणि गरजू माणसे तिथेच जास्त.

म्हणून विलायतेचे सगळेच उचलावे असे मी म्हणणार नाही. पण त्या कायद्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. म्हाताऱ्याला सांभाळणाऱ्या बायकोची, मुलीची किंवा सुनेचीही स्वतंत्र चौकशी करणे कौन्सिलला बंधनकारक आहे. तुमची तब्येत कशी आहे? हे काम तुम्हाला झेपते का? पुढे करायची इच्छा आहे का? आपल्याकडे २००७ चा आईवडिलांच्या पालनपोषणाचा कायदा आहे. तो मुलांना पोटगी द्यायला लावतो. सुनेची कंबर दुखते का, हे तो विचारत नाही. आपण चर्चमध्येही विचारत नाही. आजाऱ्याला कम्युनियन द्यायला फादर घरी येतात तेव्हा ती दाराआड उभी असते.

‘पंचायतीकडे गटार काढायला पैसा नाही, नर्स कुठून ठेवणार?’ असे कुणी म्हणेल. पण केरळकडे पाहा. तिथे २००८ मध्ये राज्य सरकारने यासाठी धोरण ठरवले, आणि पंचायती आपल्या योजनेच्या पैशातून नर्स नेमतात. ती गावातल्या स्वयंसेवकांना घेऊन घरोघर जाते, जखमा धुते, नळी बदलते, कूस कशी वळवायची ते घरच्यांना दाखवते. त्यासाठी कुणाचे घर विकावे लागत नाही.

आपल्या कर्नाटकातही ग्रामपंचायतीच्या निधीतले ५ टक्के अपंगांसाठी राखण्याचा नियम आहे. पक्षाघाताने पडलेल्या माणसाकडे अपंगत्वाचा दाखला असेल तर त्या पैशावर त्याचाही हक्क आहे. तो पैसा दरसाल कशावर खर्च होतो, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे? आठवड्यातून दोनदा नर्स आणि लावणी-कापणीच्या दिवसांत घरी बसायला रोजावर एक बाई, एवढीच मागणी करून पाहावी.

दाखला नसेल त्यांनी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करावी; माणूस हलवता येत नसेल तर तेही तिथे सांगावे. ग्रामसभा भरदुपारी ठेवली तर या बायका शेतात असतात. ती संध्याकाळी घ्या, असे आधीच पीडीओंना लेखी कळवावे आणि अर्जावर सुनांच्या सह्या घ्याव्यात.