घाम न येण्याची चिंता

क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८४९ च्या सुमारास सशाच्या मेंदूत, चौथ्या निलयाच्या तळाशी सुई टोचली आणि थोड्याच वेळात त्याच्या लघवीत साखर उतरली. यकृत, स्वादुपिंड, अधिवृक्क ग्रंथी आणि जठर यांच्याशी जोडलेली स्वायत्त चेतासंस्था रक्तशर्करेचे नियमन करते, हे पुढील संशोधनाने स्पष्ट केले. दीर्घकालीन मधुमेहात मात्र याच चेतांना इजा होऊ शकते.

बरीच वर्षे इन्शुलिन घेणाऱ्याची साखर घसरू लागली, की टोचलेले इन्शुलिन मागे घेता येत नाही आणि साखर वाढवणाऱ्या ग्लुकॅगॉन या संप्रेरकाचा प्रतिसादही बहुधा मंदावलेला असतो. मग भिस्त उरते अनुकंपी चेता आणि अ‍ॅड्रिनॅलिन यांच्यावर. पहाटे तीनला उशी घामाने भिजते, हात थरथरतात, माणूस उठून साखरपाणी पितो. या त्रासदायक वाटणाऱ्या लक्षणांतच त्याचा बचाव असतो. परंतु साखर अशी घसरण्याचे प्रसंग, म्हणजे 'हायपो', वारंवार झाले, तर हा प्रतिसाद दर वेळी अधिक खालच्या पातळीवर सुरू होतो. पूर्वी साखर ६५ मिग्रॅ/डेसिलिटरला आल्यावर येणारा घाम ५० लाही येत नाही, आणि तोवर मेंदूलाच इंधन कमी पडल्याने साखर खायला हवी हे सुचण्याची क्षमताही ढळते.

जठराला जाणाऱ्या व्हेगस चेतेला इजा झाली असेल, तर गुंतागुंत वाढते. सकाळी खाल्लेले पोहे जठरातच रेंगाळतात, इन्शुलिन मात्र वेळेवर काम करते. साखर आधी घसरते आणि काही तासांनी चढते. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी चाचणीत हे चढ-उतार एकमेकांत मिसळून जातात, त्यामुळे ७ टक्के हा आकडा स्थिर साखरेचा आहे की धोकादायक हेलकाव्यांचा, हे त्यावरून कळत नाही. सरासरी सुधारावी म्हणून डोस वाढवला, तर नेमके ते हायपो वाढण्याची शक्यता असते ज्यांनी घाम थांबवला.

चेतांची रचनात्मक हानी सहसा भरून येत नाही. वारंवारच्या हायपोने बोथट झालेली जाणीव मात्र काही आठवडे हायपो कटाक्षाने टाळल्यास अनेकांत बऱ्याच अंशी परतते. म्हणून प्रत्येक तपासणीत आकड्याआधी एक प्रश्न विचारला जायला हवा: शेवटचा हायपो तुम्हाला स्वतःला जाणवला, की ग्लुकोमीटरने सांगितला?