घडणावळ जास्त घेता हो!

शनिवारी सकाळी अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनजवळच्या एका छोट्याशा दुकानात मी मस्त घासाघीस करत होते. मैत्रिणीच्या लग्नात घालायला चांदीचं कडं हवं होतं. तेही हॅमर्ड फिनिशचं, म्हणजे हातोडीचे बारीक ठोके दिसणारं.

"काका, चांदीचा भाव ठीक आहे, पण घडणावळ जास्त घेता हो!"

काका हसले. "मग बस इथे. तूच घडव. घडणावळ माफ!"

बसले की! समोर ऐरण आणि चार हातोड्या. मला वाटायचं, हातोडी म्हणजे हातोडी. छे! सपाट तोंडाची पत्रा सारखा करते. गोल तोंडाची खळगे पाडते. चोचीसारख्या तोंडाची धातूला एकाच दिशेनं पसरवते. आणि लाकडी मोगरी वण न उठवता गोलाई देते. लोखंडी हातोड्यांची तोंडं तर आरशासारखी चकचकीत, कारण तोंडावर साधा ओरखडा असला तरी तो प्रत्येक ठोक्यागणिक चांदीवर उमटतो. "हिनं खिळा कधीच ठोकायचा नाही," काकांनी दम भरला.

सुरुवातीला चांदी छान ऐकत होती. मग पट्टी हट्टाला पेटली. काका "थांब" म्हणेपर्यंत मी दुप्पट जोर लावला आणि कडेला तडा!

झालं काय होतं? ठोकत राहिलं की चांदी कडक होत जाते. म्हणून मधूनमधून ती मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात सोडायची. पोलाद असं केल्यावर कडक होतं, चांदी मात्र मऊ पडते. पण लक्ष हललं तर संपलंच, कारण शुद्ध चांदी ९६१ अंश सेल्सिअसला वितळते आणि तांबं मिसळलेली त्याच्याही आधी. घरी सांगितलं, तर ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले बाबा म्हणाले, "अगं, पितळेचंही तसंच!"

काकांनी माझी पट्टी वितळवून पुन्हा पहिल्यापासून कडं घडवलं. ठोका, तापव, थांब, पुन्हा ठोका. मी घडणावळ पूर्ण दिली, वर चहाही पाजला.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी हॅमर्ड दागिना घेताना ठोके नीट बघा. सगळे अगदी एकसारखे असतील तर ते बहुधा मशीनचे. तिथे बिनधास्त घासाघीस करा. थोडे उन्नीस-बीस असतील, तर मात्र गपचूप पाकीट काढा!